कंट्री संगीत जोडीने ऐका

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावाकडून आलेलं गाणं, आणि टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल हे त्याचं माहेरघर. 'कंट्री आता पूर्वीसारखं राहिलं नाही' ही तक्रार नॅशव्हिलमध्ये प्रत्येक पिढीने केली आहे. १९५०चं दशक संपताना चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या संगीत निर्मात्यांनी फिडल (गावरान ढंगाने वाजवलेलं एकटं व्हायोलिन), स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस पुढे आणला, तेव्हाही ती होतीच. मी इथे पेटी शिकवते. पुण्या-नागपूरहून नुकतेच आलेले पालक विचारतात, हे संगीत समजून घ्यायला सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे: जोडीने ऐका. एक जुनं, एक नवं, एकाच बैठकीत. काय टिकलं आणि काय बदलतंय, ते कानालाच कळतं.

आधी कान थोडा तयार करा. रेडिओवर हवाईयन गिटारवरची हिंदी गाणी ऐकली असतील, तर कंट्रीतली स्टील गिटार तुम्हाला लगेच ओळखू येईल. दोन्हींचं मूळ हवाई बेटांतच आहे. आणि शब्द सोडू नका. प्रत्येक कडव्यात गोष्ट पुढे सरकते, ध्रुवपद तेच राहतं, पण तिसऱ्यांदा येईपर्यंत त्याचा अर्थ पालटलेला असतो. पहिल्यांदा शब्द समोर ठेवूनच ऐका.

पहिली जोडी सोपी. ट्रेसी चॅपमनचं १९८८चं 'फास्ट कार' आणि कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सने २०२३मध्ये गायलेलं तेच गाणं. मूळ गाणं कंट्री म्हणून आलंच नव्हतं. कोम्ब्सने शब्दांना जवळजवळ हात लावला नाही. दुकानात गल्ल्यावर काम करणारी मुलगी त्याच्या तोंडीही मुलगीच राहिली. गरिबी, गाव सोडायची ओढ, बापाचं दारूचं व्यसन, सगळा ऐवज कंट्रीचाच. त्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार चॅपमनला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. पस्तीस वर्षांत बदललं काय? गाणं नाही, दार उघडणारे.

दुसऱ्या जोडीला वेळ द्या. लिंडा मार्टेलचा १९७०चा 'कलर मी कंट्री' आणि बियॉन्सेचा २०२४चा 'काउबॉय कार्टर'. १९६९मध्ये ग्रँड ओल ऑप्रीच्या, म्हणजे नॅशव्हिलच्या जुन्या, मानाच्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर एकटीने गाणारी मार्टेल ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. कंट्रीचा तिचा अल्बम एवढा एकच निघाला. बियॉन्सेच्या अल्बममध्ये मार्टेलचा आवाज येतो, तो शोधा. त्याच अल्बममधल्या 'टेक्सस होल्ड एम'च्या सुरुवातीचा बँजो (हे एक तंतुवाद्य) रिअ‍ॅनन गिडन्स या कृष्णवर्णीय वादक-गायिकेचा आहे. बँजोची मुळं आफ्रिकेत आहेत, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी तो अमेरिकेत घडवला. ऑप्रीच्या पहिल्या काळातला लाडका कलाकार डीफोर्ड बेली, माउथऑर्गनवर आगगाडी हुबेहूब उभी करणारा, हाही कृष्णवर्णीयच. १९४१मध्ये त्याला काढलं. कंट्रीच्या मानकऱ्यांच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, घेतलं ते २००५ साली, मृत्यूनंतर. म्हणून बियॉन्सेला 'बाहेरची' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. २०१९मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय रॅपरचं 'ओल्ड टाउन रोड' पुरेसं कंट्री नाही म्हणून, गाण्यांची लोकप्रियता मोजणाऱ्या बिलबोर्डच्या कंट्री यादीतून उतरवलं गेलं. तेच गाणं मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं.

तिसरी जोडी ऐकताना सावध राहा. कंट्री गायक रँडी ट्रॅव्हिसचा १९८६चा आवाज ऐका, मग त्याचं २०२४चं 'व्हेअर दॅट केम फ्रॉम'. २०१३च्या पक्षाघाताने त्याचं गाणं थांबलं होतं. नवं गाणं दुसऱ्या गायकाने गायलं आणि जुन्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेल्या एआयने त्यावर ट्रॅव्हिसचा आवाज चढवला, तोही त्याच्या संमतीने. मला हे मान्य आहे. माणूस समोर आहे, निर्णय त्याचा आहे. पण नोव्हेंबर २०२५मध्ये 'ब्रेकिंग रस्ट' नावाचा, एआयने घडवलेला, अस्तित्वातच नसलेला गायक कंट्रीच्या डिजिटल विक्रीच्या यादीत पहिला आला. विकत घेऊन डाउनलोड करणारे आता थोडेच उरल्यामुळे त्या यादीत वर चढायला फार विक्री लागत नाही, हे लक्षात ठेवा. तरीही मला ती गोष्ट लागली. टेनेसीने २०२४मध्ये 'एल्विस' कायदा करून गायकाच्या आवाजाला संरक्षण दिलं, पण कुणाचीच नक्कल नसलेल्या बनावट गायकाचं काय? तुमच्या हातात एक उपाय आहे: श्रेयनामावली उघडा. गीतकार कोण, स्टील कुणी वाजवली, हा माणूस कुठे प्रत्यक्ष गातो का? तिन्ही जागा रिकाम्या असतील तर पुढे चला.

नॅशव्हिलला आलात तर ब्रॉडवे या इथल्या बारच्या रस्त्यावरच्या गोंगाटाआधी ब्लूबर्ड कॅफेची जागा राखून ठेवा. साध्या दुकानांच्या रांगेतली छोटीशी खोली. गीतकार मधोमध गोल बसून आपापली गाणी गातात, आणि श्रोत्यांनी गप्पा मारायच्या नाहीत. कंट्रीचं पुढचं पाऊल मला यादीपेक्षा अशा खोलीत जास्त नीट ऐकू येतं.

पेटी वाजवणाऱ्यांनी आणखी एक करावं. इथले वादक नोटेशनऐवजी आकड्यांचा कागद समोर ठेवतात: १, ४, ५. म्हणजे सा, म आणि प यांवर उभे राहणारे कॉर्ड. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद तोच. आपला सा कुठेही धरता येतो, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना हे पहिल्याच तासाला जमतं. 'फास्ट कार' काळी एकमध्ये धरा, मग पांढरी चारमध्ये.

पुढच्या जोड्या कुठून आणायच्या? २०२६पासून ग्रॅमीने कंट्री अल्बमचे दोन पुरस्कार केले, पारंपरिक आणि समकालीन. ही वाटणी मला पटत नाही, कारण चांगला कलाकार दोन्हींत वावरतो. पण ऐकणाऱ्याची सोय झाली आहे. दोन्ही नामांकन याद्यांतून एकेक अल्बम उचला, नावं झाका, आणि कुठला कुठल्या यादीतला ते घरच्यांना ओळखायला लावा.