लर्निंग लायसन्सवर गाडी शिकताना: शेजारी कोण बसवावं आणि त्यानं काय करावं

लर्निंग लायसन्स आलं, गाडीला एल चिकटवलं, की आपण एकटे सुटलो असं समजणारे मुंबईत ढीगभर आहेत. ‘रात्री अकरानंतर रस्ते मोकळे असतात, एकटाच काढ गाडी, हात साफ होतो’ हा सल्लाही घरोघरी मिळतो. तो ऐकू नका.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ स्पष्ट आहे. शिकवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स हवं, आणि गाडी ताब्यात घेता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. म्हणजे पुढे, डाव्या सीटवर. मागे बसून ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडणारे काका यात बसत नाहीत. शेजारी दुसरा लर्निंगवाला मित्र तर मुळीच नाही. शिकताना बाइकवरही मागे शिकवणाऱ्याखेरीज कुणाला बसवता येत नाही.

घरातल्या गाडीची विमा पॉलिसी काढून ‘ड्रायव्हर’चं कलम वाचा. लर्निंग लायसन्सवाल्यानं हाच नियम ३ पाळलेला असावा, अशी अट त्यात असते. एकट्यानं चालवताना गाडी ठोकली तर विमा कंपनी त्याच अटीवर बोट ठेवते.

एलची पाटी पुढे आणि मागे, दोन्हीकडे. पांढऱ्यावर लाल, पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. काचेच्या कोपऱ्यातलं चिमुकलं स्टिकर चालत नाही.

सरळ रस्ता, गिअर, वळणं हे सगळं रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर जमून जातं. त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी परीक्षा चढावर. मला स्वतःला हीच पायरी सगळ्यात जड गेली, आणि मी ज्यांना शिकवलं त्यांचीही गाडी इथेच अडली. फ्लायओव्हरच्या चढावर ट्रॅफिक थांबलेलं, मागे रिक्षा अगदी बंपरला चिकटून, आणि सिग्नल सुटला की हॉर्न सुरू. अशा वेळी ‘रेस दे आणि क्लच सोड’ असं सांगणाऱ्याला शेजारी बसवू नका. गाडी एक तर उसळून पुढच्यावर जाते, नाही तर बंद पडून मागे घरंगळते.

माझी पद्धत ठाम आहे. चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा, अगदी दहा सेकंदांसाठी थांबला असलात तरी. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, गाडी तोलून धरणं ही मुंबईतल्या अनेकांची सवय आहे आणि त्यानंच क्लच प्लेट जळते. निघताना पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू वर आणा. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचललं जातं. तिथेच पाय रोखा. थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि मगच हँडब्रेक सोडा. हॉर्न कितीही वाजू देत, हा क्रम बदलायचा नाही.

शेजारच्याचं काम इथेच सुरू होतं. चढावर त्याचा उजवा हात हँडब्रेकवर, फोन खिशात. गाडी मागे सरकू लागली की त्यानं बोलत बसू नये, ओढावा. आणि हे पहिल्यांदा चढावर करून पाहायचं नाही. आधी सपाट रिकाम्या जागी, अगदी कमी वेगात, शेजारच्यानं डाव्या सीटवरून फक्त हँडब्रेकनं गाडी थांबवून दाखवावी. हँडब्रेकच्या टोकाचं बटण अंगठ्यानं दाबून ठेवून हळूहळू ओढायचा. धावत्या गाडीत झटका दिला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी घसरते. ज्याला हे जमत नाही तो तुमचा सख्खा मामा असला तरी त्याला घेऊन रस्त्यावर जाऊ नका.

नव्या गाडीत हँडब्रेकच्या जागी बटण असेल तर धावत्या गाडीत ते धरून ठेवल्यावर काय होतं, हे आधी गाडीच्या पुस्तिकेत वाचा. डाव्या सीटवरून तिथे हात पोचत नसेल तर शिकायला दुसरी गाडी घ्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, म्हणून पहिले धडे तिथेच गिरवावेत असं माझं मत आहे.

बोलणंही आधीच ठरवून घ्या. ‘थांब’ म्हणजे लगेच थांबायचं, कारण नंतर विचारायचं. ‘अगं बघ, तो बघ, अरे देवा’ यातून शिकणाऱ्याला काहीही कळत नाही, त्याचे हात मात्र कापू लागतात. स्टिअरिंगला मधूनमधून हात घालायची शेजारच्याची खोडही मोडा.

पक्क्या लायसन्सची टेस्ट लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनंतरच देता येते आणि लर्निंग सहा महिने चालतं. म्हणून एकतिसाव्या दिवसाची घाई करू नका. पाली हिल किंवा मलबार हिलच्या चढावर गाडी तसूभरही मागे न जाता उचलता येऊ लागली, की मग तारीख घ्या.