जलसंजीवनी (ओआरएस): आईला सांगू नका, तिच्याकडून बनवून घ्या

आशाताई दारात उभी राहून म्हणते, "जुलाब लागले की ओआरएस पाजा, हयगय करू नका." आई मान हलवते. हा उपदेश झाला. रात्री बाळाला जुलाब लागतात तेव्हा तीच आई एक लिटर पाण्यात घालायची ओआरएसची पुडी ग्लासभर पाण्यात ओतते.

शिकवायचं असेल तर चुलीपाशी बसा. पहिला प्रश्न विचारा, "पाणी कशाने मोजाल?" तांब्या घरोघरी वेगळा असतो, त्यावर विसंबू नका. एक लिटरची बाटली पिण्याच्या पाण्याने भरून आईला पातेल्यात ओतू द्या. पाणी कुठवर आलं ते तिनेच बोट लावून दाखवायचं आणि तिथेच खूण करायची. मग पुडीवरचा आकडा बघा: मोठी पुडी एक लिटरची, छोटी 200 मिलीची. पुडी एकदम पूर्ण टाकायची. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो, जास्त झालं तर क्षार पुरत नाहीत. वरून साखर घातली तर जुलाब वाढतात. उरलेलं 24 तासांनी ओतून द्यायचं.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. अंगावरचं दूध चालूच. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, पिता न येणं, गुंगी: यांतलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना.

आता खरी परीक्षा. "समजलं का?" असं विचारूच नका, उत्तर "हो" असंच येतं. "सासूबाईंना कसं शिकवाल, करून दाखवा बरं," म्हणा आणि आपले हात मांडीवर ठेवा. ती अडली तर तेवढीच पायरी पुन्हा. चार घरांत आया एकाच जागी चुकल्या, तर तिथे आपलंच सांगणं कच्चं आहे.

बांगलादेशात ब्रॅक संस्थेने 1980 पासून दहा वर्षं घरोघरी मीठ-गुळाचं पाणी शिकवलं. आयांच्या किती लक्षात राहिलं हे नंतर दुसरंच कुणी तपासायचं, आणि शिकवणारीचा मोबदला त्यावर ठरायचा. आपणही आठवड्याने परत जावं. पातेल्यावरची खूण कुठे आहे, एवढंच विचारावं.