ताई, मस्टँग घेऊ का?

ऑगस्टचा तिसरा शनिवार उलटला की हा प्रश्न माझ्यामागे लागतो. त्या दिवशी इथे मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. फर्नडेलपासून पॉन्टियॅकपर्यंत अख्खा रस्ता जुन्या गाड्यांनी भरून जातो. नुकतीच पुण्याहून, नाशिकहून आलेली पोरं ते बघून येतात. पुढे मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत कुणीतरी मागून हळूच विचारतं, "ताई, मस्टँग घेऊ का?"

घ्या. पण पहिल्या वर्षी नको.

यात तुमच्या हौसेवर पाणी ओतायचा हेतू नाही. भारतात २०१६ मध्ये फोर्डची मस्टँग आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाखांना होती. त्याच वर्षी इथे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची मस्टँग जीटी ३३ हजार डॉलरच्या आसपास सुरू होत होती. आता ती ४० हजारांच्या वर गेली आहे, तरी पहिल्या पगाराच्या स्लिपेकडे बघून माणूस हिशेब मांडायला लागतोच. तो हिशेब हप्त्यावर थांबतो, ही गडबड आहे. मिशिगनमधला गाडीचा विमा देशातल्या महागड्यांपैकी आहे. भारतात पंधरा वर्षं एकही ओरखडा न काढता चालवलेली गाडी विमावाले बहुतेक वेळा हिशेबातच धरत नाहीत. त्यांच्या लेखी तुम्ही काल लायसन्स मिळालेलं पोर. म्हणून गाडी आवडली की आधी तिचा व्हीआयएन नंबर (आपल्याकडचा चेसिस नंबर) घेऊन विम्याचं कोटेशन मागवा, मग टेस्ट ड्राइव्हला जा. उलट क्रमाने गेलेल्या दोघांना मी कोटेशन बघून खुर्चीत बसलेलं पाहिलं आहे. कर्जाचंही तसंच. क्रेडिट हिस्टरी कोरी असली की व्याज चढं लागतं, आणि व्हिसाची मुदत बघून काही ठिकाणी हप्त्यांची मुदतही आखडती करतात. वर्षभर क्रेडिट कार्ड नीट भरा, मग क्रेडिट युनियनकडे, म्हणजे इथल्या पतपेढीकडे विचारा.

दुसरं कारण बर्फ. मस्टँगसारख्या या मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाड्या, मागच्या चाकांवर चालतात आणि त्यातल्या दमदारांना कारखान्यातूनच उन्हाळी टायर येतात. पारा ७ अंशांच्या खाली गेला की ते रबर कडक होतं, आणि इथे ते ऑक्टोबरातच सुरू होतं. आमच्या ओळखीच्या एका मुलाने नोव्हेंबरात शेव्हरोलेची कॅमारो घेतली. पहिल्या भुरभुर बर्फात बिग बीव्हर रोडवर सिग्नलला वळताना गाडीचं बूड पुढे आलं आणि दोन रिम फुटपाथच्या कडेवर गेल्या. बर्फ नीट पांढरासुद्धा दिसत नव्हता, असं तो अजून सांगतो. हिवाळ्यात एकच गाडी परवडणार असेल आणि तीही याच जातीची हवी असेल, तर डॉजच्या चॅलेंजरची ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी) व्ही-६ बघा. मित्र हसतील. एप्रिलपर्यंत तुम्ही ऑफिसला वेळेवर पोचाल.

नव्या गाड्यांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्यात फसायला जागा कमी आहे. कॅमारो आणि चॅलेंजर दोन्हींचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबलं, त्यामुळे त्या आता वापरलेल्याच मिळतात. वापरलेली बघताना बॉनेट उघडायच्या आधी खाली बसा. मागच्या चाकामागच्या पोकळीत हात घाला. काळ्या रबराचे चिकट कण बोटांना लागले तर आधीच्या मालकाने चाकं जागच्या जागी फिरवून धूर काढण्यात शनिवार घालवलेत. मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढचे टायर गाडीच्या वयाचे आणि मागचे कोरे असतील तर भाव पाडायला बसा. कार्फॅक्समध्ये (गाडीच्या इतिहासाच्या अहवालात) अपघात दिसेल, हे दिसणार नाही.

हेलकॅटचं, म्हणजे चॅलेंजरच्या दांडग्या रूपाचं, नाव काढलंत तर मी आधी विचारेन, गॅरेज आहे का? ७०७ हॉर्सपॉवरची गाडी, सोबत दोन किल्ल्या: लाल किल्लीने सगळी ताकद, काळीने ५००. चोरांना दोन्हींपैकी एकही लागत नाही. या गाड्या चोरीला जाण्यात देशात वरच्या नंबरावर आहेत आणि अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये ती ठेवणं म्हणजे दारात सोनं वाळत घालणं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते, म्हणजे जुन्याकडे.

मी २००३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आले. बाबा पिंपरीला टेल्कोत होते, पत्रा आणि वेल्डिंग जेवणाच्या ताटावर ऐकत मोठी झाले, त्यामुळे मला गाडीतलं कळतं असा माझा गोड समज होता. २००९ मध्ये ओहायोतल्या एका माणसाकडून मी १९६७ ची कॅमारो एसएस (सुपर स्पोर्ट, तिचं दमदार रूप) घेतली. लाल रंग, ग्रिलवर एसएसचा बिल्ला, आत ३५० घनइंचांचं व्ही-८, आणि आवाज असा की नवऱ्याने पहिल्यांदा ऐकल्यावर शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे बघितलं. त्या ऑगस्टमध्ये वुडवर्डवरच्या बर्मिंगहॅमजवळ रस्त्याच्या कडेला लावून आम्ही घडीच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. ७०-७५ वर्षांचे एक आजोबा आले, हात पाठीमागे बांधलेले. "दार उघडू का?" विचारलं. दार उघडून गुडघ्यावर बसले, बिजागरीजवळच्या खांबावरची छोटी पट्टी चष्मा वर करून वाचली, आणि उठत म्हणाले, "छान आहे. सहा सिलिंडरची."

पट्टीवर नंबर १२३३७ ने सुरू होत होता. १९६७ च्या कॅमारोत १२३ म्हणजे सहा सिलिंडर, १२४ म्हणजे व्ही-८. माझी गाडी कारखान्यातून साधी सहा सिलिंडरची बाहेर पडली होती. इंजिन नंतर कुणीतरी बसवलं आणि बिल्ले कॅटलॉगातून मागवले. मी इंजिन ऐकलं, रंग बघितला आणि पैसे मोजले. ती पट्टी रोज दार उघडताना माझ्या डोळ्यांसमोर होती.

तेव्हापासून मी एकच गोष्ट सांगत आले आहे: जुन्या गाडीत इंजिन शेवटी बघा. इंजिन दुरुस्त होतं, बदलता येतं. कागद आणि पत्रा यांत पैसा जिरतो.

कागद म्हणजे काय, ते मेकनुसार बदलतं. १९८१ पासून सगळ्यांना १७ अक्षरी व्हीआयएन आला. त्याआधी ज्याची त्याची पद्धत. १९६५-६६ च्या मस्टँगचा नंबर ५एफ०७सी असा सुरू होत असेल तर ५ म्हणजे १९६५, एफ म्हणजे इथलाच डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे २८९ चं दोन बॅरल कार्ब्युरेटरचं व्ही-८. त्या जागी के असेल तर बसून घ्या, ते २७१ हॉर्सपॉवरचं खास इंजिन, आणि भावही तसाच. टी असेल तर माझ्यासारखी सहा सिलिंडर. दुसरं अक्षर आर असलेली गाडी कॅलिफोर्नियात सॅन होजेला बनलेली. ती तिकडेच वाढली असेल तर तिने मीठ पाहिलेलं नसतं. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो, त्यात गाडी कोणत्या रंगाची, कोणत्या सामानासह निघाली हे सगळं येतं. जनरल मोटर्सच्या (जीएमच्या) पॉन्टियॅक या ब्रँडची जीटीओ १९६६ ते ७१ मधली असेल तर नंबर २४२ ने सुरू व्हायला हवा. १९६४-६५ मध्ये मात्र जीटीओ हे टेम्पेस्टवरचं नुसतं जादा पॅकेज होतं, कारण जीएमच्या नियमाने मधल्या आकाराच्या गाडीत एवढं मोठं इंजिन बसवायला बंदी होती आणि पॉन्टियॅकवाल्यांनी ती अशी पळवाट काढली. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाड्यांना पीएचएसचे, म्हणजे पॉन्टियॅकच्या जुन्या नोंदी देणाऱ्या संस्थेचे, कागद मागायचेच. १९६७-६८ च्या कॅमारोचा नंबर तिचं एसएसपण सिद्ध करत नाही, फक्त सहा की आठ एवढंच सांगतो. विकणारा जेवढा कुरकुरेल तेवढे कागद बारकाईने वाचा.

जाता जाता एक. जाहिरातीत १९७० ची गाडी ४५० हॉर्सपॉवरची आणि १९७२ ची एकदम कितीतरी कमी दिसली तर चक्रावू नका. शिसेविरहित पेट्रोल आणि प्रदूषणाच्या नियमांसाठी कॉम्प्रेशन कमी केलं, हे खरंच. पण १९७२ पासून मोजायची रीतही बदलली. आधी इंजिन टेबलावर ठेवून, सायलेन्सर-बिलेन्सर काढून मोजत. आजच्या जीटीचे ४८० हॉर्सपॉवर नव्या रीतीचे आहेत, म्हणजे जुन्या बहुतेक दंतकथांना ती सिग्नलवर आरामात मागे टाकते. वेगासाठी जुनी घेऊ नका.

आता पत्रा. मिशिगनमध्ये पीयूसी नाही आणि वार्षिक पासिंगही नाही. म्हणजे रस्त्यावर धावणारी गाडी सडलेली नाही, हे सरकारने कधी तपासलेलंच नसतं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, ते खालून पत्रा खातं आणि वरून रंग हसत असतो. माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं एक चुंबक असतं. मागच्या चाकाच्या कमानीवर, दाराच्या खालच्या कडेला, मागच्या काचेच्या कोपऱ्यात ते लावायचं. सुटून पडलं तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. छताला व्हिनाइल चिकटवलेलं असेल तर त्याला बोटाने दाबून बघा, कुरकुर आवाज म्हणजे खाली गंज. डिकीतला गालिचा उचला. आणि जुन्या मस्टँगला पाण्याची बाटली न्यायची. समोरच्या काचेखाली हवा आत येण्याच्या ज्या खाचा आहेत त्यांत अर्धी बाटली ओतायची आणि लगेच आत वाकून डॅशबोर्डखाली बघायचं. पाय ठेवायच्या जागी थेंब पडले तर तो आतला पत्रा गेला. तिथे पोचायला फेंडर, बॉनेट, काच सगळं उतरवावं लागतं. एकदा एका विक्रेत्याने मला पाणी ओतूच दिलं नाही. मी आभार मानून निघाले.

पहिली जुनी गाडी म्हणून मी १९६५-६६ ची साधी २८९ मस्टँगच सांगते. कट्टर मंडळी तिला मसल कार मानत नाहीत, न मानू देत. तिचा प्रत्येक पत्रा, प्रत्येक बटण नवं बनवून मिळतं आणि चूक झाली तरी माणूस बुडत नाही. मात्र लहान मूल असेल तर कुटुंबाला फिरवायची गाडी म्हणून तिच्याकडे बघूच नका. पुढे ड्रम ब्रेक, कमरेपुरता पट्टा, मान सांभाळायला मागे काहीच नाही.

व्यवहार झाला की विकणाऱ्याबरोबर सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात जा. इथलं आरटीओ तेच. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, बँकेचा बोजा नाही ना, सही करणारा आणि टायटलवरचं नाव एकच ना, हे काउंटरवरच कळतं. टायटल १५ दिवसांत नावावर करायचं असतं आणि ६ टक्के कर भरायचा असतो. नंबर प्लेट विकणारा घेऊन जातो, ती माणसाची असते, घाबरू नका. २५ वर्षांहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते. त्या प्लेटवर एरवी मेळावे, मिरवणुका आणि गाडीची चाचणी एवढंच चालतं, पण ऑगस्टभर मोकळीक. वुडवर्डसाठीच केलं असावं असं आम्ही म्हणतो. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या. त्यासाठी बंद गॅरेज आणि रोजची दुसरी गाडी लागते, म्हणूनच वर म्हटलं, पहिल्या वर्षी नको.

माझ्या गाडीचे एसएसचे बिल्ले मी काढले, ते बेसनाच्या जुन्या डब्यात आहेत. ते आजोबा पुढची सहा वर्षं त्याच जागी भेटत राहिले. पॉन्टियॅकच्या कारखान्यात आयुष्य काढलेले. त्यांनीच मला कार्ब्युरेटर जुळवायला शिकवला, आणि थंड गाडी सुरू करताना अ‍ॅक्सिलरेटर दोनदाच दाबायचा, तिसऱ्यांदा नाही, हेही.

कुठे बघायला जाणार असाल तर आधी कळवा. शनिवारी सकाळी मी मोकळी असते. चुंबक माझं, पाण्याची बाटली तुम्ही आणा.