दोन ओएचपी शीटमध्ये चित्र लपवण्याची रीत

प्रकाशाच्या साहाय्याने चित्र कूटबद्ध करायचे म्हटले की लेझर, भिंगे आणि दोन फेज मास्क (प्रकाशलहरी मागेपुढे सरकवणारे पडदे) वापरणारी, रेफ्रेजिए व जाविदी यांची १९९५ ची पद्धत प्रथम आठवते. परंतु तिला प्रयोगशाळा लागते. बडोद्यातील शाळकरी मुलांना करून पाहायला मोनी नाओर आणि आदी शामीर यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत अधिक योग्य आहे, कारण तिच्यात ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या, म्हणजे ओएचपीच्या, दोन पारदर्शक शीट एकमेकींवर ठेवल्या की चित्र नुसत्या डोळ्यांनी वाचता येते.

चित्र म्हणून बडोद्याच्या मांडवी दरवाज्याची ठसठशीत काळी-पांढरी आकृती घ्यावी आणि ती ६४ × ६४ चौकटींत बसवावी. बारीक नक्षी टिकत नाही, कमानी टिकतात. अक्षरे घातल्यास अनुस्वाराचे टिंबही निदान तीन चौकटी रुंद असावे.

आता प्रत्येक चौकटीचे २ × २ असे चार भाग करावेत. त्यांपैकी नेमके दोन काळे ठेवण्याचे सहा प्रकार होतात. पहिल्या शीटसाठी त्यांतला एक यादृच्छिकपणे निवडावा. मूळ चौकट पांढरी असेल तर दुसऱ्या शीटवर तोच प्रकार, काळी असेल तर त्याच्या नेमका उलटा प्रकार छापावा. शीट जुळवल्यावर पांढरी चौकट अर्धी काळी, म्हणजे करडी दिसते आणि काळी पूर्ण काळी होते. एकट्या शीटवर मात्र प्रत्येक चौकटीत दोनच भाग काळे असल्याने तिच्यावरून चित्राविषयी काहीही कळत नाही. ही हमी निवडीच्या यादृच्छिकतेवरच उभी आहे, म्हणून प्रकार निवडताना पायथन या संगणकभाषेत, अंदाज बांधता येणाऱ्या ‘रँडम’ऐवजी ‘सीक्रेट्स’ मॉड्यूल वापरावे; लहान चित्राला साधा फासाही चालतो, कारण प्रकार सहा आणि फाशाच्या बाजूही सहाच.

एक भाग १ मिलिमीटरचा धरल्यास चित्र १२८ मिलिमीटरचे होते आणि ए-४ शीटवर सहज मावते. झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंटरला चालणारी शीटच मागावी, साधे प्लास्टिक आत वितळू शकते. ‘फिट टू पेज’ बंद ठेवून दोन्ही शीट एकाच प्रिंटरवर, एकाच दिशेने छापाव्यात आणि कोपऱ्यांवर जुळणीच्या फुल्या अवश्य घालाव्यात, कारण अर्धा मिलिमीटर सरकले तरी कमानी पुसट होतात.

पहिली शीट दुसऱ्या चित्रासाठी पुन्हा कधीही वापरू नये. तसे केल्यास दोन्ही चित्रांच्या दुसऱ्या शीट एकमेकींवर ठेवणाऱ्याला, किल्ली, म्हणजे पहिली शीट, हाती नसतानाही, ती चित्रे कुठे वेगळी आहेत ते काळ्या रंगात स्पष्ट दिसते.