चिनी पद्धतीने जीभ पाहताना या चुका टाळा

चिनी वैद्यकात जिभेचा रंग, आकार आणि तिच्यावरचा थर पाहून तब्येतीचा अंदाज घेतात. तसं घरी पाहताना काय होतं? सकाळी पोहे खाल्ले, आरशात जीभ पिवळी दिसली आणि ‘अंगात उष्णता वाढलीय’ असं ठरवून टाकलं. तो रंग पोह्यांतल्या हळदीचा होता! चिनी वैद्यकात याला ‘रंगलेला थर’ म्हणतात आणि निदानात धरत नाहीत. चहा, कॉफी, जांभळं, कात लावलेलं पान, क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश यांनीही जीभ रंगते. शंका आली तर तिथले वैद्य निर्जंतुक पट्टीने मुळापासून शेंड्याकडे ३ ते ५ वेळा मध्यम दाबाने खरवडून पाहतात. घरी मात्र हा प्रयोग नको. काय खाल्लं-प्यायलं हे आठवलं तरी पुरतं.

आपल्याकडची खास चूक म्हणजे आधी टंग क्लीनर फिरवायचा आणि मग जीभ पाहायची. जो थर वाचायचा, तोच बेसिनमध्ये गेलेला असतो. उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि चहा-ब्रशच्या आधी पाहा. रात्री लाळ कमी सुटते, चावणंही नसतं, म्हणून सकाळचा थर जाडच असतो. त्याची तुलना दुपारच्या थराशी करू नका. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्यांची जीभ तर कोरडी पडणारच.

उजेड दिवसाचा हवा. पिवळ्या बल्बखाली पांढरा आणि पिवळा थर वेगळा ओळखू येत नाही. मोबाइलचा कॅमेराही रंग आपल्या मनाने बदलतो.

जीभ ताणून बाहेर काढू नका. ताणली की रक्तप्रवाह अडतो, रंग गडद होत जातो आणि नसलेलं ‘रक्त साकळणं’ दिसू लागतं. तोंड मोठं उघडा, जीभ सैल सोडा, शेंडा किंचित खाली. १५ सेकंदांत आटपा. पुन्हा पाहायची असेल तर ३ ते ५ मिनिटं थांबा. आधी जिभेचा मूळ रंग आणि आकार, मग थर.

जिभेचा कोणता भाग कोणत्या अवयवाचा, हा नकाशा शब्दशः घेणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. शेंडा हृदयाचा, कडा यकृत-पित्ताशयाच्या, मध्य प्लीहा-जठराचा, मूळ मूत्रपिंडाचं, हे परंपरेतलं वाटप आहे. त्यातली ‘प्लीहा’ म्हणजे मुख्यतः पचनाची ताकद. सोनोग्राफीत दिसणारी प्लीहा नव्हे. फिकट, फुगीर जिभेच्या कडांवर दातांचे वळ उमटले तर चिनी वैद्य ती ताकद कमी झाली असं म्हणतात, पण तेही नाडी पाहून आणि विचारपूस करून. मुळातच जीभ मोठी असली किंवा थायरॉइड मंदावलं, तरी असेच वळ उठतात. म्हणून नकाशा पाहून चालू औषधं बंद करू नका.

१३४१ मध्ये चिनी विद्वान दू बन यांनी एका ग्रंथातली जिभेची चित्रं १२ वरून ३६ वर नेली, ती तापाच्या रुग्णांसाठी. तापात थर दिवसागणिक बदलतो आणि तिथेच या पाहणीचा खरा कस लागतो. एका फोटोवरून वर्षानुवर्षांचं दुखणं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

जिभेवरच्या जुन्या भेगा आणि जागा बदलणारे नकाशासारखे पट्टे बहुधा निरुपद्रवी असतात. गुळगुळीत, लालबुंद जीभ दिसली तर बी १२ आणि लोहाची तपासणी करा. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा न निघणारा पांढरा-लाल चट्टा दिसला, विशेषतः तंबाखू-मशेरीची सवय असताना, तर थेट दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.