ऑनलाइन अभ्यासक्रमातून विद्यार्थी गळू लागले, तर आधी काय तपासावे? या चुका टाळा

ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की लॉगिन कमी होऊ लागतात, स्वाध्याय येईनासे होतात, चर्चेच्या जागेत शिक्षकांशिवाय कोणी लिहीत नाही आणि 'मुलांना गांभीर्यच नाही' असा निष्कर्ष स्टाफरूममध्ये निघतो. हा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. साहित्य मोबाइलवर उघडते का, उघडले तर वाचता येते का आणि वाचल्यावर नेमके काय करायचे ते कळते का, या तीन गोष्टी आधी तपासल्या, तर अनास्था म्हणून नोंदवलेल्या तक्रारींचा मोठा भाग अभ्यासक्रमाच्या रचनेतच सापडतो, असे माझे ठाम मत आहे.

नाशिकला याची जाण अधिक असायला हवी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ येथे १९८९ पासून आहे आणि समोर न बसलेल्या विद्यार्थ्याला शिकवण्याची शिस्त या शहराला त्यातून परिचयाची झाली आहे. दूरशिक्षणाच्या चांगल्या छापील पुस्तकात घटक लहान असतात, सुरुवातीला उद्दिष्टे दिलेली असतात आणि मध्ये थांबून स्वतःला तपासण्याचे प्रश्न असतात. नियमित महाविद्यालये ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करताना ही शिस्त विसरतात आणि वर्गातले व्याख्यान जसेच्या तसे चढवून मोकळी होतात.

तासभराचे व्याख्यान आणि डेटाचा हिशेब

संशोधक फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी तो पाहण्याच्या वेळेचा मध्यक (चढत्या क्रमात मधोमध येणारे मूल्य) ६ मिनिटांपलीकडे जात नाही, असे त्यात आढळले. याचा अर्थ घड्याळ लावून प्रत्येक व्याख्यानाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे पाडावेत, असा नाही. तसे केल्यास उदाहरण एका तुकड्यात आणि त्याचे स्पष्टीकरण दुसऱ्यात जाते. एक संकल्पना, तिचे एक उदाहरण आणि शेवटी एक प्रश्न एवढे मावेल असा भाग करावा. तो चार मिनिटांचा झाला तरी चालेल, अकरा मिनिटांचा झाला तरी चालेल.

त्याचबरोबर डेटाचा हिशेब करावा. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या पाड्यावरच्या विद्यार्थ्याला रेंज मिळवण्यासाठी घरापासून दूर जावे लागत असेल, तर त्याच्यासाठी व्हिडिओ हा अभ्यासातला सर्वांत महागडा भाग ठरतो. तेच व्याख्यान ६४ केबीपीएसच्या ऑडिओ फाइलमध्ये दिले, तर तासाला सुमारे २९ एमबी लागतात आणि ते एकदा उतरवून घेतले की हवे तेव्हा ऐकता येते. मात्र त्यासाठी शिक्षकाच्या बोलण्याची पद्धत बदलावी लागते. 'इथे पाहा, हे वाढले की ते कमी होते' या वाक्यातून केवळ ऐकणाऱ्याला काहीही कळत नाही, मग तो डेटा वाचवणारा असो किंवा दृष्टिहीन असो. 'किंमत वाढली की मागणी घटते, म्हणून मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो' असे म्हटले की दोघांनाही कळते आणि समोर पाहणाऱ्याचे काही बिघडत नाही. आकृतीला पर्यायी मजकूर (चित्र न दिसणाऱ्याला त्याऐवजी वाचून दाखवला जाणारा) म्हणून हेच वाक्य द्यावे; 'आकृती ३' एवढेच लिहिल्याने कोणाची सोय होत नाही.

वाचता न येणारी पीडीएफ

मराठीत शिकवणाऱ्यांच्या हातून होणारी सर्वांत नुकसानकारक चूक हीच आहे आणि ती करणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही. जुन्या नोट्स श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या, युनिकोड ही सर्व लिपींसाठीची समान संगणकीय अक्षरप्रणाली न वापरणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात किंवा पुस्तकाची पाने स्कॅन करून जोडलेली असतात. दोन्ही फाइल डोळ्यांना व्यवस्थित दिसतात. पहिल्या प्रकारच्या फाइलमध्ये देवनागरी दिसणाऱ्या मजकुरामागे बहुधा रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) तीच निरर्थक चिन्हे वाचू लागतो. दुसऱ्या प्रकारात फक्त छायाचित्र असते, त्यामुळे वाचण्यासाठी मजकूरच सापडत नाही.

याची तपासणी अगदी सोपी आहे. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडावा, कॉपी करावा आणि मोबाइलच्या नोट्समध्ये पेस्ट करावा. शुद्ध मराठी उमटली तर फाइल बहुतांशी वापरण्याजोगी आहे. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उमटला तर फॉन्ट जुना आहे. मजकूर निवडताच आला नाही तर ते स्कॅन आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घालावीत, कारण चुका नेमक्या तिथेच राहतात. स्कॅन असेल तर गुगल ड्राइव्हमधील फाइल गुगल डॉक्समध्ये उघडल्यास मजकूर ओळखला जातो. तोही तपासूनच द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु एकदा केले की फाइलमध्ये शोध घेता येतो, अक्षर मोठे करता येते आणि मजकूर मोबाइलच्या पडद्याप्रमाणे बसवता येतो, म्हणजे त्याचा लाभ साऱ्या वर्गाला होतो.

फाइल तयार झाल्यावर ती स्वतः ऐकावी. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतो आणि विंडोज संगणकासाठी एनव्हीडीए विनामूल्य मिळतो. दोन्हींवर मराठी वाचन होते. शीर्षके केवळ ठळक आणि मोठी न करता वर्डमधील हेडिंग स्टाइलने दिली, तर ऐकणारा एका घटकावरून दुसऱ्यावर थेट जाऊ शकतो. डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे सांगितले आहे, पांढऱ्यावर पिवळी किंवा फिकट करडी अक्षरे त्यात बसत नाहीत.

हे सारे ऐच्छिक सौजन्य आहे, असा एक समज आढळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ मध्ये ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील साहित्य सुगम स्वरूपात असण्याची तसेच ध्वनिवर्णन, सांकेतिक भाषा आणि उपशीर्षके यांची तरतूद आहे. यंत्राने आपोआप तयार केलेली उपशीर्षके मात्र न तपासता सोडू नयेत, कारण पारिभाषिक शब्द आणि विशेषनामे यांतच ती सर्वाधिक चुकतात आणि कर्णबधिर विद्यार्थ्याला नेमकी तीच हवी असतात.

उत्तर नसलेली चर्चा

'मागणी व पुरवठा यांविषयी आपले मत मांडा' असा प्रश्न टाकला की पहिला विद्यार्थी पुस्तकातली व्याख्या उतरवतो आणि बाकीचे 'सहमत आहे' असे लिहितात. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही, कारण त्या प्रश्नाला दुसरे उत्तरच नाही. त्याऐवजी असे विचारावे: 'लासलगाव, पिंपळगाव बसवंत किंवा आपल्या जवळच्या बाजार समितीतील कांद्याची आजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर नोंदवा. मागील आठवड्याशी तुलना करून फरकाचे एक कारण सांगा आणि दुसऱ्या बाजार समितीचे आकडे देणाऱ्या सहाध्यायाच्या कारणाशी ते जुळते का, ते लिहा.' येथे प्रत्येकाचे आकडे वेगळे येतात, दुसऱ्याचे वाचल्याशिवाय आपले उत्तर पूर्ण होत नाही आणि शेतकरी कुटुंबातला विद्यार्थी त्या चर्चेत इतरांना काही सांगणारा ठरतो. शिक्षकाने मात्र दोन-तीन दिवसांत त्यात उतरून दोन उत्तरांमधला विरोध दाखवावा, नाहीतर चांगला प्रश्नही थंड पडतो.

वेळ आणि चाचण्या

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे ३० अध्ययन-तास. चार श्रेयांकांचा विषय १५ आठवड्यांत शिकवायचा असेल, तर आठवड्याला ८ तास होतात आणि त्यात व्हिडिओ, वाचन, स्वाध्याय व चर्चा हे सारे मोजायचे असते. अनेकदा केवळ व्हिडिओचे तास धरले जातात, बाकीचे काम त्यावर चढते आणि पाच विषयांचे शिक्षक एकाच रविवारी मध्यरात्रीची मुदत देतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करून शिकणाऱ्यांची पाळी बदलत राहते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात निफाड-दिंडोरीच्या घराघरांत द्राक्षकाढणी चालू असते. म्हणून मुदत एका क्षणाऐवजी चार-पाच दिवसांच्या कालावधीची असावी आणि सत्राच्या आरंभीच विषयशिक्षकांनी एकत्र बसून तारखा वाटून घ्याव्यात.

चाचणीच्या मध्येच वीज किंवा नेटवर्क गेले आणि अर्धवट उत्तरपत्रिका आपोआप जमा झाली, ही नेहमीची तक्रार आहे. सरावचाचणीला एकाहून अधिक प्रयत्न द्यावेत आणि वेळेचे बंधन अत्यावश्यक असेल तिथेच घालावे. मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या प्रणालीत एखाद्या विद्यार्थ्यापुरती वेळ किंवा प्रयत्न वाढवण्याची सोय आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या परीक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग परीक्षार्थींसाठी तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला होता, त्या हिशेबाने ३० मिनिटांच्या चाचणीत १० मिनिटे होतात. ही नोंद आधीच करून ठेवावी, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्येक चाचणीआधी विनंती करावी लागत नाही.

अभिप्राय सत्र संपल्यावर घेतला, तर तो देणाऱ्याच्या काहीच उपयोगी पडत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी 'कोणते साहित्य उघडले नाही आणि कोणती सूचना समजली नाही' एवढेच विचारावे, आणि जे लॉगिन करत नाहीत त्यांना फोन करूनच विचारावे, कारण त्यांच्यापर्यंत तो ऑनलाइन फॉर्म पोहोचणार नाही.

सत्र सुरू व्हायला आठवडाच उरला असेल, तर सारे एकदम दुरुस्त करायला घेऊ नये. आधी पहिल्या दोन घटकांच्या पीडीएफ युनिकोडमध्ये आणाव्यात, मग त्याच दोन घटकांचे ऑडिओ आणि तपासलेली उपशीर्षके द्यावीत, तारखांचे एक पान मोबाइलवर उघडून पाहावे आणि पुढचे घटक त्यांच्या आठवड्याआधी एकेक करून हातावेगळे करावेत.