भातखाचरातील स्फुरद : या चुका टाळा

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड-शहापूर पट्ट्यात भाताला डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे स्फुरद किंवा फॉस्फरस देणारे खत) टाकूनही फुटवे कमी आले, तर पुढच्या हंगामात एक गोणी वाढवण्याकडे कल असतो. ही पहिली आणि सर्वांत महागडी चूक आहे. मुसळधार पावसाने धुतल्या गेलेल्या, आम्लतेकडे झुकणाऱ्या लालसर जमिनीत एकूण स्फुरद किती आहे यापेक्षा तो कोणत्या रूपात आहे, हे पाहावे लागते. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांवर तो घट्ट धरला जातो, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमशी बांधला जातो आणि सेंद्रिय पदार्थांतील बराचसा स्फुरद फायटेट या सेंद्रिय संयुगाच्या रूपात अडकून राहतो. मुळांना घेता येतो तो फक्त मातीच्या पाण्यात विरघळलेला, आणि तो कोणत्याही क्षणी अगदी थोडा असतो. म्हणूनच खतातील स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारण १५ ते २० टक्केच मिळतो.

दुसरी चूक खत देण्याच्या वेळेची व जागेची. स्फुरद मातीत काही मिलिमीटरच सरकतो, त्यामुळे लावणीनंतर वरून फेकलेले दाणे मुळांपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. पूर्ण मात्रा शेवटच्या चिखलणीच्या वेळी मातीत मिसळावी, किंवा भात लावणीच्या चारसूत्री पद्धतीप्रमाणे युरिया-डीएपीची ब्रिकेट (दाबून बनवलेली गोळी) चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या, मधोमध खोल दाबावी. थोड्या जागेत एकवटलेला स्फुरद मातीच्या कमी कणांना भिडतो आणि त्यामुळे कमी अडकतो.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती भातानंतरच्या पिकात. खाचरात पाणी साचून प्राणवायू संपला की लोहाचे रूप बदलते, त्याने धरून ठेवलेला स्फुरद सुटतो आणि पावसाळ्यात भाताला फारशी उणीव जाणवत नाही. कापणीनंतर खाचर कोरडे पडले की ढेकूळ फोडून पाहावे. जुन्या मुळांच्या पोकळ्यांभोवती तांबूस, गंजासारखा थर दिसतो. ते पुन्हा ऑक्साइड झालेले लोह आहे, आणि असे ताजे लोह स्फुरद विशेष जोमाने पकडते. म्हणून ‘भाताला दिलेले खत जमिनीत शिल्लक आहे’ या भरवशावर वाल, हरभरा किंवा भेंडी बिनस्फुरदाची पेरू नये. या पिकांना बियांच्या ओळीखाली किंवा बाजूला थोडे खत देणेच हिताचे ठरते.

चुना आणि सुपर फॉस्फेट एकत्र मिसळू नये. कॅल्शियम फॉस्फेट तयार होऊन विद्राव्य खत अविद्राव्य होते. डीएपीबरोबर चुना मिसळल्यास अमोनियाही उडून जातो. आम्लता कमी करायची असेल, तर चुना काही आठवडे आधी द्यावा. रॉक फॉस्फेट आम्ल जमिनीतच विरघळते. चुनखडीच्या जमिनीत ते जवळजवळ तसेच पडून राहते.

खताचा हिशेबही अनेकदा चुकतो. गोणीवरचा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा असतो, त्याला २.२९ ने भागले की शुद्ध स्फुरद मिळतो. ५० किलो डीएपीत २३ किलो पेंटॉक्साइड, म्हणजे सुमारे १० किलो स्फुरद असतो. तेवढ्याच वजनाच्या सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये ८ किलो पेंटॉक्साइड, म्हणजे सुमारे साडेतीन किलो.

लक्षणे ओळखतानाही घाई करू नये. स्फुरदाच्या कमतरतेत भाताची पाने गर्द हिरवी, अरुंद व ताठ राहतात आणि फुटवे कमी येतात. पानांवर तपकिरी, गंजासारखे ठिपके आले असतील, तर जस्ताची कमतरता असू शकते आणि अशा वेळी जास्तीचा स्फुरद ती वाढवतो.

मातीचा नमुना उन्हाळ्यात, खत देण्यापूर्वी घ्यावा. राब भाजलेल्या (रोपांसाठी पालापाचोळा जाळलेल्या) जागेतून, बांधालगत किंवा उकिरड्याजवळून तो घेऊ नये, कारण राखेमुळे आकडे फुगतात. प्रयोगशाळेत उपलब्ध स्फुरद मोजताना आम्ल जमिनीसाठी ब्रे पद्धत, तर उदासीन व चुनखडीच्या जमिनीसाठी ओल्सन पद्धत वापरली जाते. दोन्हींचे आकडे वेगळे येतात, त्यामुळे मागच्या अहवालाशी तुलना करण्याआधी त्यात पद्धत कोणती लिहिली आहे ते पाहावे.